राजी

पडद्यावरची बाई बोलून बाजूला झाली, तशी रुशेनगुल म्हणाली, "परत लाव."

रेंतेरियाने चित्रफीत मागे घेतली. लाँग बीच बंदरावरच्या कस्टमच्या कचेरीत सक्तीच्या मजुरीचा माल अडवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि चीनमधल्या उइगुर लोकांच्या भाषेचा प्रश्न आला की तो रुशेनगुलला बोलावून घ्यायचा. या खेपेचा माल म्हणजे लहान मुलांचे मोजे, कंटेनर भरून. महिनाभर तो गोदीत अडकून पडला होता. सगळं राजीखुशीने चाललंय याचा पुरावा म्हणून माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याने कारखान्यातली ही चित्रफीत पाठवली होती.

अकरा बायका. एकेक जण कॅमेऱ्यासमोर येई, काम स्वखुशीने करता का असं तिला कोणी तरी विचारी आणि ती म्हणे, राजी आहे. मग पुढची. तीही राजी. दहाजणींनी शाळेत पाढे म्हणावेत तसं ते म्हणून टाकलं. खाली इंग्रजी भाषांतराची ओळ सरकत होती.

अकरावी पन्नाशीची असेल. डोक्याला निळी टोपी, हातात मोज्यांचा जोड. राजी आहे म्हणून झाल्यावर ती हलली नाही. कोणी विचारलेलं नसताना आणखी एक वाक्य बोलली: तुम्हीही सगळे माझ्यावर राजी व्हा. खाली इंग्रजीत आलं, आपणही माझ्या कामावर समाधानी असावे.

"गिऱ्हाइकाला लोणी लावतेय," रेंतेरिया म्हणाला. आमच्या कँटीनवालीला हिच्याकडे शिकवणीला पाठवलं पाहिजे, असंही काहीसं तो म्हणाला आणि रुशेनगुलचा चेहरा बघून गप्प झाला.

आम्हा उइगुरांत हे वाक्य गिऱ्हाइकाला म्हणत नाहीत. माणूस हजला निघाला, किंवा अंथरुणाला खिळला आणि यातून आपण उठत नाही हे त्याला कळून चुकलं, की तो घरच्यांना बोलावतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं अबोला आहे त्यांनाही बोलावतो आणि म्हणतो, माझ्यावर राजी व्हा. माझं चुकलंमाकलं पोटात घाला, आता आपली भेट नाही, असा त्याचा अर्थ. धडधाकट बाई कामावर उभी राहून असं बोलत नाही.

रुशेनगुलने हे सांगितलं, तसा रेंतेरिया खुर्चीत सरळ बसला. हेच लिहून दे म्हणाला. बाकीचे कागद इतके स्वच्छ होते की साहेब आजच माल सोडायच्या बेतात होते. एवढं एक टिपण मिळालं तर तो कंटेनर जागचा हलू देणार नव्हता.

तिने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "हे कोणकोण वाचणार?"

साहेब वाचतील, वकील वाचतील, तो म्हणाला. आणि माल का अडवला ते व्यापाऱ्याला कळवावं लागतं, तसा कायदाच आहे.

"म्हणजे तो कारखान्याला विचारणार."

"विचारणारच. पण नाव कुठे घालतोय आपण? अकरावी बाई, एवढंच लिहायचं."

रुशेनगुलने पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडे बोट केलं. त्याचं त्यालाच कळलं आणि तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

कॅमेऱ्यामागे जे कोणी उभे होते ते उइगुर भाषा पुस्तकातून शिकलेले असणार. शब्द त्यांना कळला होता, वाक्य कळलं नव्हतं. नाहीतर ते त्यांनी कापून टाकलं असतं, आणि त्या बाईचं काय केलं असतं याचा विचार रुशेनगुलला करवेना. त्यांना जे कळलं नव्हतं ते आता तिने समजावून, खाली सही करून, त्यांच्या हातात द्यायचं होतं.

"नाही लिहिलंस तर उद्या हे मोजे दुकानात जातील," रेंतेरिया हळूच म्हणाला. "मग पुढचा कंटेनर येईल. त्या दहाजणींचं काय, रुशेन? ही बाई कोणाला तरी कळावं म्हणूनच बोलली ना?"

"ती तक्रार करत नव्हती. निरोप घेत होती."

तिने लिहिलं. आपणही माझ्यावर समाधानी असावे. इंग्रजी ओळीतला 'कामावर' हा शब्द तेवढा तिने काढून टाकला. भाषांतर पूर्ण व अचूक आहे, असं खाली छापलेलंच होतं, तिथे सही केली. शब्दाला शब्द बरोबर होता आणि इतकं खोटं तिने जन्मात लिहिलं नव्हतं. आपण बाईला वाचवलं की तिच्यासकट सगळ्यांना बुडवलं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

रेंतेरियाने कागद घेतला. वाद घातला नाही. साहेबांकडे जायला उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पडद्यावर अकरावी बाई तशीच होती, टोपी कपाळावर घसरलेली, डोळे समोर.

"असं कोणी म्हटलं तर तुमच्यात काय उत्तर देतात?" त्याने विचारलं.

"मी राजी आहे म्हणायचं. मग जाणाऱ्याला सुखाने जाता येतं."

"मग म्हण ना. तेवढं तरी."

रुशेनगुल त्या बाईकडे वळली.

"नाही," ती म्हणाली. "मी राजी नाही."