साक्षीदार क्रमांक चार

"एकच कॉलेज?" क्लासच्या सरांनी अर्ज तिच्याकडे परत सरकवला. "दहा रकाने काय नक्षी म्हणून दिलेत? सरावातले गुण बघ तुझे. तीन आवाक्याबाहेरची घाल, पाच बरोबरीची, दोन हमखास मिळणारी. वकील व्हायला निघालीस आणि पहिलाच अर्ज असा डोळे मिटून?"

तिने लिहिलेल्या त्या एका कॉलेजपासून तुरुंग पायी वीस मिनिटांवर होता.

बाबा तेरा वर्षं आत होते. वेल्डिंगच्या दुकानातल्या भागीदाराचा खून. धड वकील मिळाला नाही म्हणून निरपराध माणूस अडकला, असं आई सांगायची. अपिलाच्या कागदावर बाबांनी सहीच केली नव्हती. पार खचले होते, हेही आईच सांगायची. तेव्हापासून वकील व्हायचं हे लेकीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बाबांना मात्र ते रुचत नव्हतं. मागच्या भेटीत जाळीपलीकडून म्हणाले होते, "शीक, पण लांब कुठंतरी जा. आणि माझी केस उकरू नकोस."

प्रवेश परीक्षेच्या सराव पेपरांत न्यायालयाच्या निकालपत्रांतले उतारे येत आणि नेमके तिथेच तिचे गुण जात.

"खरी निकालपत्रं वाच," सर म्हणाले. "पेन्सिल घेऊन बस. कोणी काय पाहिलं, कोणी नुसतं ऐकलं, खुणा कर."

घरात एक खरं निकालपत्र होतं. आई दवाखान्यात ड्यूटीवर गेल्यावर तिने कपाटाच्या तळातली पिशवी काढली. बत्तीस पानं. हत्यार सापडलं नव्हतं. शेजाऱ्यांनी भांडण ऐकलं होतं, पाहिलं कोणीच नव्हतं. तिला हुरूप आला. ती भराभर खुणा करत गेली.

एकोणिसाव्या पानावर साक्षीदार क्रमांक चार आला. आरोपीची एकुलती एक मुलगी, वय वर्षे सहा. घटनेच्या वेळी दुकानाच्या माळ्यावर खेळत होती.

त्या दिवशी तू मावशीकडे होतीस, असंच तिला आजवर सांगितलं होतं. तिने आठवून पाहिलं. काही म्हणजे काही आठवेना. खोटं बोललं की काय होतं, असं न्यायाधीशांनी साक्षीदाराला आधी विचारलं होतं. "बाबांना आवडत नाही," असं उत्तर नोंदवलेलं होतं. मग त्या पोरीने माळ्यावरून पाहिलेलं सगळं सांगितलं होतं. शिक्षा त्या एका साक्षीवर झाली होती. खाली एक ओळ होती: या साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास आरोपीने नकार दिला.

तिने ते पान पुन्हा वाचलं, मग पुन्हा. कितीतरी वेळाने तिला अभ्यासातलं एक वाक्य आठवलं. लहान मुलाला पढवलेलं असू शकतं, म्हणून अशी साक्ष फार पारखून घ्यावी. ते वाक्य तिने घट्ट धरलं. सहा वर्षांची पोर ती! कोणी काय घोकून घेतलं असेल तिच्याकडून, कोण जाणे.

दोन दिवसांनी भेटीचा वार होता. अर्जाची मुदतही त्याच दिवशी संपत होती. ती जाळीशी जाऊन एका दमात म्हणाली, "बाबा, मी निकालपत्र वाचलं."

बाबांचा चेहरा उतरला.

"अजून अपील करता येईल. उशीर झालाय, पण कारण दाखवता येतं. मुद्दा सापडलाय मला. पोलिसांनी मला पढवलं होतं ना? कोणी विचारलंच नाही तेव्हा. तुम्ही नुसतं हो म्हणा. बाकीचं मी बघते."

पाच मिनिटं उरलीत, असं हवालदार मागून ओरडला. त्या अपिलाच्या कागदानंतर बाबांपुढे कोणी सुटकेची गोष्ट काढली नव्हती.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "तुला कोणी पढवलं नव्हतं."