रेघांचा शर्ट

साहेबांच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी मी त्यांच्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ करत होतो. शाळेतलं बक्षीस, पदवी, पहिली नोकरी. प्रत्येक फोटोत शेजारी वडील, आणि त्यांच्या अंगात तोच एक बारीक रेघांचा ठेवणीतला शर्ट. व्हिडिओ टीव्हीवर लावला की त्या रेघा सारख्या लुकलुकायच्या.

"रेघा धूसर केल्या की थांबेल," मी म्हणालो. "पण प्रत्येक फोटोत नुसता शर्ट वेगळा काढायला दोन दिवस जातील."

"मग अख्खे बाबाच धूसर करा," साहेब म्हणाले. "कोण बघतंय त्यांच्याकडे?"

वाढदिवसाला व्हिडिओ बघताना वडिलांनी तीनदा चष्मा पुसला. "सगळे दिसतात रे, मीच तेवढा का दिसत नाही?"

 

"नंबर वाढलाय बाबा तुमचा," केक कापता कापता साहेब म्हणाले.