दिव्याच्या नावाचा ट्रेलर

"तुमची दिव्या रोज कॉम्प्युटरवर गेम खेळते," श्रद्धा मॅडम म्हणाल्या, आणि नानासाहेबांच्या ओठावर आलेलं भाषण ओठावरच राहिलं.

भाषण मोठं झकास बसवलं होतं. 'पालकसभेला आजोबांनाच पाठव,' असा निरोप मॅडमनी दिव्याकडे दिला, तेव्हा घरात कुणालाच शंका आली नाही. पोरं मोबाइलपायी कशी वाया चालली आहेत, यावर चिखलीत नानासाहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. बिल्डिंगच्या गणपतीत ते यावर बोलत, लिफ्टमध्ये बोलत, कुणाचा वाढदिवस असला तर केक कापायच्या आधीही बोलत. शेवटी शाळेलाही आपली किंमत कळली, असं समजून ते कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले होते आणि चौथीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. शेजारी त्यांच्याच मजल्यावरच्या छबूबाई होत्या. त्यांच्या नातवाचा मोबाइल नानासाहेबांनी परवाच जिन्यात हिसकावून घेतला होता.

"ट्रेलर चालवायचा गेम आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "शाळेनं दिलेल्या ईमेलवर खातं काढलंय, म्हणून आम्हाला दिसलं. हेडसरांचा नियम तुम्हाला माहीत आहे. असं सापडलं की सहलीतून नाव कमी."

दिव्या दाराशी उभी होती. सहलीची बॅग तिनं केव्हाच भरून ठेवली होती. तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी फळ्याकडे पाहिलं.

गेम आणला होता गणराजनं, नानासाहेबांच्या मुलानं. चाकणहून नव्या मोटारी ट्रेलरवर चढवायच्या आणि मुलखाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायच्या, यात नानासाहेबांची उमर गेली. मग कंबरेनं दगा दिला, स्टिअरिंग सुटलं, आणि माणूस घरात बसून सगळ्यांवर डाफरू लागला. गणराजला राहवेना. त्यानं हा गेम आणला, टेबलाला लावायचं स्टिअरिंगही आणलं. पण गेम सुरूच होईना. आधी खातं काढा म्हणे, मग रोज त्या खात्यातून आत या, मग गाडी चालवा.

"आपल्याच पैशाची गाडी रोज शोरूमला इचारून चालू करायची व्हय रं?" नानासाहेब कडाडले. "काढून टाक ते!"

गणराज बिचारा हिरमुसून शिफ्टला गेला. तो गेल्यावर नानासाहेब बराच वेळ त्या स्टिअरिंगवर हात फिरवत बसले. ईमेल हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता आणि आता मुलाकडे मागायची सोय राहिली नव्हती. शेवटी दिव्यानंच आपला शाळेचा ईमेल घातला. तेव्हापासून घर रिकामं झालं की दुपारी पडद्यावर दिव्याचं नाव झळके आणि नानासाहेब ट्रेलर बाहेर काढत. सगळे यायच्या आत स्टिअरिंग पलंगाखाली जाई. कुणाला सांगायचं नाही, असं आजोबा-नातीचं ठरलं होतं. इतकी भाषणं ठोकल्यावर सांगणार तरी कुठल्या तोंडानं?

"मॅडम, मीच खेळते," दिव्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

नानासाहेबांच्या ध्यानात आलं. आपली इज्जत राखायला पोर सहलीवर पाणी सोडत होती. पण खरं बोलावं, तर शेजारी छबूबाई. संध्याकाळच्या आत सगळ्या बिल्डिंगमध्ये डांगोरा पिटला जाणार. त्यांनी एकदा छबूबाईंकडे पाहिलं, एकदा नातीकडे, आणि ते उठले. गुडघे बाकात अडकले होते, त्यामुळे बाकही थोडा त्यांच्याबरोबर उठला.

"ती न्हाई, मॅडम. मी खेळतो. रोज खेळतो. पोरीचं नाव कापू नका, माजं काय कापायचं ते कापा."

वर्गात एकदम हशा पिकला. छबूबाई मात्र हसल्या नाहीत. "अगं बाई! मग आमच्या पोराचा मोबाइल कशापायी हिसकावला वो?"

"सांजच्याला आणून देतो," नानासाहेब मान खाली घालून म्हणाले.

मॅडमनी सभा आवरती घेतली आणि दिव्याला मैदानावर पाठवलं. बाकीचे पालक हसत हसत बाहेर पडले. मग त्या नानासाहेबांजवळ आल्या.

"दिव्या सहलीला येणार. मला माहीत होतं, ती खेळत नाही. गेम चालतो भर दुपारी, तेव्हा ती माझ्यासमोर बसलेली असते. शिवाय मी ते खातं उघडून पाहिलं. इतका ट्रेलर पळवलाय, पण एकदाही सिग्नल तोडलेला नाही, कुणाला साधं घासलेलं नाही. लहान मुलं असं चालवत नाहीत."

तेवढ्या शरमेतही नानासाहेबांची छाती फुगली. पण लगेच रागही आला.

"आवो, ठावं व्हतं, तर मंग समद्यांदेखत माजी शोभा कशाला केली?"

श्रद्धा मॅडमनी दाराबाहेर कुणी नाही ना, ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही कबूल करता का, ते बघायचं होतं. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आता रात्र रात्र गेममध्ये बस चालवतात, माझ्या शाळेच्या ईमेलवरून. सोमवारी हेडसरांनी मला बोलावलंय, आणि अण्णा म्हणतात, मी त्यातला नाहीच! आज घरी येऊन त्यांना जरा असं उभं राहायला शिकवाल का?"