एकच जागा

"अहो वेल्डर, हा व्हायोलिनचा गज आहे, खिडकीचा नव्हे! किती आवळाल?"

वेल्डरची मान खाली गेली. शेजारी त्याची नऊ वर्षांची लेक हनुवटीखाली व्हायोलिन धरून शहाण्यासारखी उभी होती. मास्तर तिच्याकडे वळले.

"छान हं बाळ. चालू दे."

मास्तरांचा नियमच मेला तसा. मूल शिकायला घालायचं, तर आईबापांपैकी एकानं सोबत शिकायचं. घरी चुका कोण काढणार? आणि वर्षाअखेर सगळ्यांतून एकालाच पुढे ठेवणार. बाकीच्यांनी आपापला रस्ता धरायचा. ती जागा वेल्डरला लेकीसाठी हवी होती. आपला जन्म गेला ठिणग्या झेलण्यात, पोरीच्या हाताला तरी सूर लागावा, एवढंच त्याचं म्हणणं.

पण तो म्हातारा! वर्षभर त्यानं वेल्डरला नुसतं सोलून काढलं. "कान घरी विसरलात का?" "बोटं आहेत की खिळे? पुन्हा!" एकच ओळ चाळीस-चाळीस वेळा. बाकीचे आईबाप तोंडाला रुमाल लावून हसायचे. त्यांना मात्र कधी एका शब्दानं बोलायचा नाही.

आपल्या पायी पोरीचं नाव कटणार, या धास्तीनं वेल्डरची झोप उडाली. दुपारच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून तो वर्कशॉपच्या मागे गज घासत बसायचा.

"बाबा रे, कोणाचा जीव घेतोयस?" कारागीर ओरडायचे.

घ्यायचाच होता त्याला. मास्तरांचा! त्यांना खुर्चीसकट वेल्ड करून टाकावं, असं रोज मनात यायचं.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना समोर उभं केलं.

"वेल्डरच्या घरात जागा गेली. बाकीच्यांनी निघा."

खोली रिकामी झाली. वेल्डरनं लेकीला उचलून गरगर फिरवलं. वर्षभराचा राग कुठल्या कुठे पळाला, डोळे भरून आले. हसत, रडत तो म्हणाला, "मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू? काम सोडून येईन, पण हिला रोज वेळेवर आणून सोडीन."

"तिला कशाला?" मास्तर खेकसले. "मी तुला ठेवलंय."