मार्लासाठी पिस्तूल

"नऊ एमएम!" ड्वेनने काचेच्या काउंटरवर अशी थाप मारली की आतली पिस्तुलं खडखडली. "अस्वलाला गुदगुल्या करायला विकतोस का रे हे, बर्ल? माझा भाऊ घालवलास. आता त्याच्या बायकोच्या हातातही हेच?"

दुकान बर्लचं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस. गावात त्याच्याशी अशा आवाजात कोणी बोलत नसे. त्याने काउंटरवरचं पिस्तूल हळूच आपल्याकडे ओढलं.

"मार्लाने दाखवा म्हटलं, म्हणून दाखवलं," तो म्हणाला.

मार्ला बाजूला उभी होती. अंगात नवऱ्याचा लोकरी कोट, बाह्या दुमडलेल्या. सामन मासे नदीत चढायला लागले तेव्हा तिचा नवरा एमेट आणि ड्वेन, दोघं भाऊ, नदीला वरच्या अंगाला गेले होते. झुडपातून तपकिरी अस्वल आलं. संध्याकाळी ड्वेनने होडीतून धाकट्या भावाचं प्रेत घरी आणलं. गावाने मार्लाला धुरावलेले मासे आणून दिले, लाकडं फोडून दिली, आणि मग जो तो आपल्या कामाला लागला. तिचं घर रस्ता संपतो तिथे. हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. अंगणात अस्वलाची पावलं उमटायची, आणि परवा कुणीतरी तेलाच्या खोपटाचं कुलूप फोडलं होतं. दोन्हींसाठी काहीतरी जवळ हवं, म्हणून ड्वेनच तिला आपल्या गाडीतून घेऊन आला होता.

"एमेटचं मनगट खेकडे पकडायच्या लोखंडी पिंजऱ्याखाली चिरडलं होतं, तुला ठाऊक आहे," बर्ल म्हणाला. "चव्वेचाळीसच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरचा धक्का त्याला सोसत नव्हता. दुसरी गोळी झाडेपर्यंत नळी आभाळाकडे. म्हणून मी त्याला नऊ दिलं, आणि न चपटणाऱ्या कडक गोळ्या. हातात राहतं ते आपलं."

"हातात राहिलं ना! मेल्यावरही हातातच होतं!"

मागे रबरी बूट घालून बघणारा एक जण म्हणाला, "दहा एमएम तरी घ्यावं माणसाने."

"तू बूट बघ!" ड्वेन त्याच्यावर खेकसला. मग बर्लकडे वळला. "चव्वेचाळीस काढ. मॅग्नम. माझ्याकडे आहे तसंच."

बर्लने रिव्हॉल्व्हर काढून मार्लासमोर ठेवलं. तिने दोन्ही हातांनी उचललं. नळी खाली झुकली. तिने सावरली, पुन्हा झुकली.

"सवय होईल," ड्वेन म्हणाला. "त्या दिवशी माझ्या छातीवरच्या पट्ट्यात हे होतं, म्हणून निदान त्याला घरी तरी आणू शकलो. नाहीतर दोघांची हाडं शोधत बसला असतात."

मार्लाने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं.

"मला नऊच द्या, बर्ल."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ड्वेनचा चेहरा लालबुंद झाला. "या खेळण्याने त्याला मारलं, मार्ला! आणि हे विकणाऱ्या या म्हाताऱ्याने मारलं. मी चारचौघांत सांगतोय. याच्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही अशी व्यवस्था करतो की नाही बघ!"

 बर्लने एका हाताने काउंटरची कड धरली.

"गप्प बस," मार्ला म्हणाली.

"काय?"

"गप्प बस म्हटलं. दुपारपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं मी. दुपारी पोलिस तुझ्याकडे येणार आहेत, त्यांनीच सांगितलं असतं. पण तू या माणसाला खुनी म्हणतोस, ते मला ऐकवत नाही." तिचे डोळे कोरडे होते. "सकाळी अँकरेजहून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. तू गाडी घेऊन यायच्या आधी."

बूटवाला एका पायात बूट, एका पायात मोजा, तसाच थांबला.

"अस्वलाचं मुंडकंही तपासलं त्यांनी. एमेटच्या गोळ्या कवटीत बसल्या होत्या, ड्वेन. मेंदूत. ते त्याच्या अंगावर कोसळलं ते मरूनच. त्याची मांडी फाटली होती, बरगड्या मोडल्या होत्या, पण त्याने माणूस मरत नाही, असं डॉक्टर म्हणाले." तिने श्वास घेतला. "चव्वेचाळीसची एकच गोळी होती. अस्वलाच्या मानेतून आरपार गेलेली. ती एमेटच्या छातीत सापडली."

ड्वेनने काचेवर हात टेकवला.

"गाडीत तुझ्या शेजारी बसून आले. सगळ्या वाटेत स्वतःला समजावत होते. भाऊ अस्वलाखाली, हातपाय कापतायत, त्याला काय दिसणार, काय कळणार? त्याला ठाऊकच नाही बिचाऱ्याला. माफ करून टाकलं होतं मी तुला. आणि तू इथे येऊन ओरडतोस! कुणावर ओरडतोस रे? कशासाठी?"

बर्ल काउंटरच्या पलीकडून बाहेर आला. मघाशी ज्याने त्याला खुनी म्हटलं होतं, त्याच्याजवळ त्याने स्टूल सरकवलं. ड्वेन बसला नाही. काचेवर टेकवलेल्या आपल्या हाताकडे तो बघत राहिला.

"अपघात होता, पोरा," बर्ल हळूच म्हणाला. "त्या गोंधळात अस्वल मेलंय हे तुला कसं कळणार?"

"कळलं होतं," ड्वेन म्हणाला. "एमेट ओरडत होता. 'मेलंय ते, ड्वेन. झाडू नकोस.'"