पुसला जाणारा तारा

सलग तिसऱ्यांदा दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने फोटोतला तो नवा ठिपका पुसला, तेव्हा मृण्मयी वर्तकने वैतागून कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आकाशाच्या नकाशात नसलेले डाग आमचा कॅमेरा आपोआप काढतो," पलीकडची मुलगी म्हणाली.

"अहो, डाग कसला! एका दीर्घिकेत तारा फुटलाय. दुर्बिणीतून मी स्वतः बघितलाय."

"मग नकाशात घालू की. फक्त त्याचा फोटो पाठवा."

"फोटोतूनच तर तुम्ही पुसताय!"

मृण्मयीने फोन आपटला. दुर्बिणीचा कॅमेरा उपटून तिने डोळा लावला, पेन्सिलीने दीर्घिका ठिपक्यासकट कागदावर उतरवली आणि हौशी निरीक्षकांच्या ग्रुपवर टाकली.

तासाभरात जत आणि भुजहून दोन चित्रं आली. रेषा वेड्यावाकड्या होत्या, पण ठिपका नेमका तिथेच होता.