बाहेरचा बाक

"इथं मला ओळखणारं कोण कोण आहे?" न्यायमूर्ती एमेट क्राल यांनी विचारलं. ज्यूरी निवडण्याआधी, त्यासाठी बोलावलेल्या गावकऱ्यांना, हा प्रश्न ते दर वेळी विचारत. तिसऱ्या रांगेतून एक सुरकुतलेला हात वर आला.

आल्मा टेस्डाल! सत्तावीस वर्षांपूर्वी, नुकती वकिली सुरू केलेली असताना, क्रालनी हिच्या मुलाचं, ऑर्विलचं वकीलपत्र घेतलं होतं. धान्याचं कोठार पेटवल्याचा आरोप होता. पोराच्या बाजूनं साक्षीदार एकच, त्याची आई. चर्चला जायचा पोशाख घालून ती दोन दिवस कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून होती. क्रालनी तिला आत बोलावलंच नाही. ऑर्विलला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

क्राल आयोवा राज्याच्या विधिमंडळासाठी उभे राहिले, तेव्हा विरोधकांनी दारोदार त्या बाकाचीच गोष्ट सांगितली. तरी ते तीनदा निवडून आले. गरिबांना चांगला वकील मिळावा म्हणून कायदा करवून घेतला, पुढे केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पण आईला का बोलावलं नाही, हे बायकोनं खोदून विचारलं तरी तोंडातून चकार शब्द काढला नाही. चर्चच्या जेवणात ते रांगेत आले की आल्मा हातातली ताटली ठेवून निघून जायची. ते मात्र फार लागायचं त्यांना.

आरोपीचा वकील ताडकन उठला. "साहेब, बाईंचा तुमच्यावर राग आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. यांना वगळा."

"बस रे खाली," आल्मा म्हणाली. "मला विचारलंय, तुला नाही."

लोक हसले. क्राल हसले नाहीत. "मिसेस टेस्डाल, तुम्ही निःपक्षपणे निकाल देऊ शकाल?"

ती काठी टेकत उभी राहिली. "एमेट, मार्चमध्ये ऑर्विलला माती दिली. आता कुणासाठी लपवू? त्या संध्याकाळी तो घरी नव्हता. मी मात्र 'घरीच होता' म्हणून सांगणार होते, आणि ते तुला कळलं होतं. इतकी वर्षं गावाचे टोमणे खाल्लेस, पण माझी लाज झाकलीस. आणि मी तुझ्या रांगेतून निघून जात राहिले."

क्रालना समोरचा कागद दिसेना. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

आल्मानं उजवा हात वर केला.

"खोटं बोलणार होते, म्हणून तेव्हा मला शपथ घेऊ दिली नाहीस. आज दे."